डासाची नवी जात कशी ओळखतात?

पाऊस ओसरला, विश्वामित्रीचे पाणी उतरले, की बडोद्यात डासांचे दिवस सुरू होतात. संध्याकाळी दारे-खिडक्या लागतात, कुठे कडुनिंबाच्या पाल्याचा धूर होतो, आणि शेजारचे काका "मच्छर बहु थई गया" म्हणत अंगणातून घरात जातात. मच्छर म्हणा की डास म्हणा, आपल्या दृष्टीने तो एकच प्राणी. चावतो, गुणगुणतो आणि टाळीत सापडत नाही.

प्रत्यक्षात जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी सुमारे ४०० भारतात आढळतात. त्यातल्या बहुसंख्य जातींचा माणसाच्या आजाराशी काही संबंध नाही. कोणी फक्त गुरांना चावतो, कोणी बेडकांना आणि पक्ष्यांना. नर डास तर कोणालाच चावत नाही, तो फुलांतल्या मधुरसावर जगतो. मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या गटाला अ‍ॅनॉफिलिस म्हणतात, हे आठवी-नववीच्या मुलांना ठाऊक असेल. पण या गटातल्याही साठेक जाती आपल्या देशात आहेत आणि मलेरियाचे मुख्य वाहक म्हणून त्यांतल्या सहा-सातच मोजल्या जातात. तेव्हा 'हा डास कोणता?' हा प्रश्न संग्रहालयातल्या विद्वानांपुरता राहत नाही. फवारणी कुठे करायची, कशाची करायची आणि पैसा कुठे घालायचा, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

जात ओळखता न आल्यामुळे किती वेळ जातो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोनाल्ड रॉस यांचे आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना एका डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूची वाढ दिसली. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याआधी सुमारे दोन वर्षे ते भलत्याच डासांची पोटे उघडून पाहत होते. डासांच्या शास्त्राची पुस्तके त्यांच्या हाताशी नव्हती. त्यांनी आपल्यापुरती नावे पाडली होती: करडे डास, पट्टेवाले डास आणि ठिपक्यांच्या पंखांचे डास. करडे म्हणजे आजचे क्युलेक्स, पट्टेवाले म्हणजे एडिस. या दोघांत माणसाच्या मलेरियाचा जंतू वाढतच नाही. ठिपक्यांच्या पंखांचे डास हाती आले तेव्हा काम झाले. ते अ‍ॅनॉफिलिस होते, पण त्यांतली नेमकी जात कोणती हे त्या दिवशी रॉसना सांगता आले नसते.

अचलपूरचा डास

यानंतर चारच वर्षांनी, १९०१ साली, वऱ्हाडात एक काम झाले. त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, ते यायला हवे होते असे मला वाटते. अमरावती जिल्ह्यातले अचलपूर त्या काळी इंग्रजी कागदपत्रांत एलिचपूर म्हणून ओळखले जाई. तिथे विल्यम ग्लेन लिस्टन नावाचे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर होते. (प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे मुंबईत पुढे ज्यांनी दाखवून दिले त्यांतले प्रमुख हेच.) लिस्टननी एलिचपूरच्या परिसरातले अ‍ॅनॉफिलिस डास गोळा केले, त्यांच्यातले फरक टिपले आणि इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये छापले. त्यांतल्या एका डासाचे वर्णन आधी कोणीच केलेले नव्हते. मलेरियाचे संशोधक स्टिफेन्स यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले गेले, अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी.

लिस्टननी काय पाहिले? साध्या भिंगातून दिसतात तीच लक्षणे. डासाचा पंख पारदर्शक असला तरी त्याच्या शिरांवर बारीक खवले असतात, फुलपाखराच्या पंखावर असतात तसेच. काळ्या आणि फिकट खवल्यांची मांडणी प्रत्येक जातीत ठरलेली असते, म्हणून पंखावर ठिपके दिसतात. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन लांब काड्यांसारखे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. त्यांवर पांढरे पट्टे किती, रुंद की अरुंद, हे मोजायचे. स्टिफेन्सीच्या पाल्पवर पट्ट्यांखेरीज पांढरे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात आणि पायांवरही तसेच शिंतोडे असतात. दुसरा एक डास, अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफॅसीज, अंगाने लहान आणि त्याचे पाय साधे, एकरंगी. अशा लक्षणांची 'असे असेल तर पुढे जा, तसे असेल तर तिकडे जा' अशी प्रश्नमालिका केली की तिला ओळखतक्ता म्हणतात. भारतातल्या अ‍ॅनॉफिलिसांचा मोठा ओळखतक्ता क्रिस्टोफर्स यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. पुढच्या पिढ्या त्यावरच शिकल्या.

नव्या जातीचे वर्णन करायचे तर केवळ उडता डास पुरत नाही. एकच अंडे किंवा अळी वेगळ्या बाटलीत वाढवतात. तिने टाकलेली कात, कोषाची रिकामी कात आणि त्यातून निघालेला डास हे तिन्ही एकाच क्रमांकाखाली जपून ठेवतात. अळीच्या अंगावरचे केस कुठे, किती आणि किती फाट्यांचे, हेही मोजतात. काही गटांत तर नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव पाहिल्याशिवाय निर्णयच देता येत नाही. हे काम चिकाटीचे आहे आणि ते करणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

लिस्टनच्या त्या डासाचे पुढे काय झाले? तो शहरात रमला. डबक्यापेक्षा त्याला स्वच्छ पाणी आवडते: विहिरी, हौद, गच्चीवरच्या टाक्या. १९११ साली बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाविषयी जो अहवाल दिला त्यात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले होते, कारण त्यांत हाच डास वाढत होता. आपल्या बडोद्यासारख्या शहरांतही शहरी मलेरियाचा मुख्य वाहक तोच. 'आमच्याकडे कुठे गटार तुंबलेले नाही' म्हणून निर्धास्त राहणाऱ्या सोसायट्यांनी एकदा गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण पाहावे. रस्त्यावरून धुराची गाडी फिरली की लोकांना समाधान वाटते, पण तो धूर उडत्या डासांपुरता. झाकण नसलेल्या टाकीतल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक सोपी खूण सांगतो. बशीत थोडे टाकीतले पाणी घ्या. अ‍ॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते, कारण तिला श्वासाची नळी नसते. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्या शेपटीकडची नळी वर लावून डोके खाली लोंबकळत ठेवतात. एवढ्यावरून गट कळतो. मग पाणी कोरड्या मातीवर ओतून द्या.

अंड्यावरच्या वळ्या

बाह्यरूपाची खरी परीक्षा पुढे आली. स्टिफेन्सी सगळीकडे सारखाच दिसतो, मग शहरात तो मलेरिया पसरवतो आणि अनेक खेड्यांत भरपूर असूनही का पसरवत नाही? १९३७ साली स्वीट आणि राव यांनी म्हैसूर संस्थानातल्या कामावरून एक उत्तर दिले. त्यांनी अंडी पाहिली. अ‍ॅनॉफिलिसचे अंडे पाण्यावर होडीसारखे तरंगते, कारण त्याच्या दोन्ही अंगांना हवेच्या पिशव्या असतात. त्या पिशव्यांवर वळ्या असतात, पापडाच्या चिमट्याने उठवाव्यात तशा. शहरी डासाच्या अंड्यावर वळ्या जास्त, खेड्यातल्या डासाच्या अंड्यावर कमी. खेड्यातल्या प्रकाराला त्यांनी मायसोरेन्सिस म्हटले. पुढे मधला प्रकारही मोजला गेला. आज जे आकडे मानतात ते असे: शहरी प्रकार १४ ते २२ वळ्या, मधला १२ ते १७, मायसोरेन्सिस ९ ते १५.

आकडे एकमेकांत शिरतात हे चाणाक्ष मुलांच्या लक्षात आले असेलच. चौदा वळ्यांचे अंडे कोणाचे? तिन्हींत बसते. म्हणून एका अंड्यावरून निर्णय देत नाहीत, एका मादीची बरीच अंडी मोजतात. प्रयोगशाळेत या प्रकारांचे आपसांत संकर होतात, त्यामुळे त्यांना एकाच जातीचे प्रकार मानण्याची रीत आहे. जनुकांच्या अभ्यासानंतर 'या वेगळ्या जातीच आहेत' असेही काही संशोधक म्हणू लागले आहेत. वाद मिटलेला नाही.

महीपलीकडची गोष्ट

आता आपल्या अगदी जवळ येऊ. महीच्या पलीकडे खेडा जिल्हा. (आणंद जिल्हा त्यातूनच १९९७ साली वेगळा झाला.) कालव्यांचे पाणी, भातशेती, घराला लागून गोठे. अशा प्रदेशात क्युलिसिफॅसीज हा ग्रामीण मलेरियाचा डास भरपूर. नडियादला मलेरिया संशोधन केंद्राचे ठाणे होते आणि १९८३ साली डॉ. विनोद प्रकाश शर्मा यांच्या पुढाकाराने खेड्यात फवारणीवाचून मलेरिया आटोक्यात आणण्याचा प्रयोग सुरू झाला. डबकी बुजवणे, टाक्यांत गप्पी मासे सोडणे, गावकऱ्यांना सोबत घेणे अशी ती कामे होती.

त्याच काळात दिल्लीच्या प्रयोगशाळेत याच डासाविषयी एक कोडे सुटत होते. क्युलिसिफॅसीज काही भागांत मलेरियाचा मोठा वाहक, तर काही भागांत गोठ्यांत हजारोंनी सापडूनही मलेरिया जवळजवळ नाही. पंख पाहा, पाल्प पाहा, फरक शून्य. मग संशोधकांनी डासाच्या आत, गुणसूत्रांत पाहिले.

साध्या पेशीतली गुणसूत्रे इतकी बारीक असतात की त्यांतले तपशील दिसत नाहीत. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. मादी रक्त पिऊन अंडी अर्धवट तयार होण्याच्या अवस्थेत असली की तिच्या अंडाशयातल्या काही पेशींत गुणसूत्राच्या शेकडो प्रती एकमेकींना चिकटून दोरखंडासारख्या जाड होतात. रंग दिल्यावर त्यांवर आडवे पट्टे उठतात. पट्ट्यांचा क्रम ठरलेला असतो, जशी आपल्या रेल्वेमार्गावरची स्थानके: बडोदे, वासद, आणंद, नडियाद, महेमदावाद. आता समजा मधला एक तुकडा तुटून उलटा जोडला गेला. मग क्रम होईल बडोदे, नडियाद, आणंद, वासद, महेमदावाद. गाडी तीच, स्थानके तीच, क्रम उलटा. गुणसूत्रातल्या अशा बदलाला उलटापालट म्हणू या.

प्रत्येक डासाला गुणसूत्रे जोडीने मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एका गावात सुलट क्रमाचे आणि उलट क्रमाचे असे दोन्ही डास असतील आणि ते आपसांत लग्ने करत असतील, तर पुढच्या पिढीत एक सुलट आणि एक उलट असे मिश्र जोडीचे डास भरपूर दिसायला हवेत. त्यांचे प्रमाण किती असावे हेही गणिताने सांगता येते. १९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी क्युलिसिफॅसीजची गुणसूत्रे तपासली, तेव्हा दोन्ही शुद्ध प्रकार सापडले, पण मिश्र जोडीचे डास सापडले नाहीत. एकाच परिसरात राहूनही ते एकमेकांशी संकर करत नव्हते. आणि जे निसर्गात आपसांत प्रजनन करत नाहीत त्यांना जीवशास्त्र वेगळ्या जाती मानते. म्हणजे एका नावाखाली दोन जाती नांदत होत्या. त्यांना 'ए' आणि 'बी' म्हटले गेले.

डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम पुढे नेले. १९८३ साली तिसरी जात 'सी' जाहीर झाली. 'बी' आणि 'सी' या दोन्ही आपल्या गुजरातेत एकत्र आढळतात. पुढे 'डी' आली. १९९९ साली रामेश्वरम बेटावरच्या कामातून 'ई' वेगळी काढली गेली आणि तिची कथा तर फारच मजेची आहे. 'बी' आणि 'ई' यांच्या जाड गुणसूत्रांवरचे पट्टेही सारखेच होते. फरक निघाला नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारात.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे पालक विचारतील. डासाच्या पोटातले रक्त कोणाचे हे तपासता येते. त्यावरून कळले की 'बी' मुख्यतः गुरांचे रक्त पितो आणि मलेरियाच्या दृष्टीने बहुतेक निरुपद्रवी आहे, तर बाकीचे चार वाहक आहेत. डीडीटीलाही सगळे सारखी दाद देत नाहीत, 'ए' लवकर मरतो, 'बी' तग धरतो. आता कल्पना करा, एका गावात नुसते 'क्युलिसिफॅसीज किती' असे मोजले. आकडा मोठा आला म्हणून फवारणी झाली. पण ते सगळे 'बी' असतील तर औषध, मजुरी आणि लोकांचा त्रास वाया. उलट शेजारच्या गावात डास थोडे पण 'सी' असले, तर तिकडे दुर्लक्ष होऊन माणसे तापाने आडवी होणार. सरकारी पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यांना आणि आपल्या विश्वस्त मंडळींना हा मुद्दा चटकन पटेल.

एका पायावरून ओळख

गुणसूत्रांची पद्धत अचूक खरी, पण तिला नेमक्या अवस्थेतली मादीच लागते. नर, अळी, वाळलेला डास यांचा तिथे उपयोग नाही. ही अडचण डीएनएच्या चाचण्यांनी पुष्कळशी दूर केली. डासाचा एक पाय काढून त्यातून डीएनए मिळवतात. पीसीआर यंत्रात हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करतात (करोनाच्या साथीत हे नाव घराघरांत पोहोचले) आणि मग त्यातली अक्षरे वाचतात. उरलेला डास टाचणीवर जसाच्या तसा राहतो, म्हणजे त्याची पंख-पाल्प तपासणीही होते.

२००३ साली कॅनडातले संशोधक हेबर्ट यांनी एक सूचना मांडली. सर्व प्राण्यांत असणाऱ्या एका जनुकातला सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्रत्येक जातीची खूण म्हणून वापरावा, दुकानातल्या मालावरच्या काळ्या रेघांसारखा. त्यालाच डीएनए बारकोड म्हणतात. सोय मोठी, पण दुकानातलीच अडचण इथेही येते. यादीत माल नोंदलेला नसेल तर यंत्र काय सांगणार? शिवाय नुकत्याच वेगळ्या झालेल्या जातींचे बारकोड जवळजवळ सारखे असतात आणि हा तुकडा फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो दिसत नाही. म्हणून नवी जात जाहीर करताना एकापेक्षा अधिक जनुके पाहतात आणि बाह्यरूपाचे वर्णनही देतात.

दोन्हींची गरज किती असते ते आपल्या अचलपूरच्या डासानेच आफ्रिकेत दाखवून दिले. २०१२ साली जिबूती या बंदराच्या देशात स्टिफेन्सी सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे फक्त २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७३ हजारांवर गेली. या वाढीत या डासाचा मोठा वाटा मानला जातो. २०१६ साली तो इथिओपियात आढळला. तिथली ओळख कठीण होती, कारण आफ्रिकेत वापरात असलेला ओळखतक्ता १९८७चा होता आणि त्यात स्टिफेन्सीचे नावच नव्हते. नाव नसलेल्या तक्त्यात डास घातला की तो कुठल्या तरी दुसऱ्याच नावावर जाऊन थांबतो, इथे तो स्थानिक गॅम्बीवर थांबे. डीएनए वाचल्यावर तो दक्षिण आशियातल्या स्टिफेन्सीशी जुळला आणि शंका मिटली. २०२० साली नवा तक्ता छापला गेला, त्यात हा पाहुणा घातलेला आहे. आता तिथला साधा आरोग्य कर्मचारी भिंगाखाली पाल्पवरचे शिंतोडे पाहून त्याला ओळखू शकतो. आफ्रिकेतला मलेरिया आजवर मुख्यतः खेड्यांचा आजार होता. टाकीत वाढणारा हा डास तो शहरात नेईल, ही भीती आहे.

नाव कोणाला द्यायचे?

नवी जात सापडली असे नुसते सांगून चालत नाही. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. दोन शब्दांचे लॅटिन नाव, छापलेले वर्णन आणि एक नमुना-प्राणी, जो संग्रहालयात कायम जपला जातो. पुढे कधी वाद झाला तर निवाडा त्या नमुन्यावर होतो. आफ्रिकेतल्या गॅम्बी गटाचेही असेच झाले होते. त्यातल्या एका प्रकाराला वर्षानुवर्षे नुसते 'एम' म्हणत. २०१३ साली त्याला कोलुझी हे नाव मिळाले, इटलीचे डास-शास्त्रज्ञ मारिओ कोलुझी यांच्यावरून.

आपल्या क्युलिसिफॅसीजच्या पाचही जाती मात्र अजून अक्षरांवरच आहेत. यात एक पेच आहे. क्युलिसिफॅसीज हे मूळ नाव जाइल्स यांनी १९०१ साली, म्हणजे लिस्टनच्याच वर्षी, नर्मदाकाठच्या होशंगाबादच्या (आताचे नर्मदापुरम) डासांवरून दिले. नियमाप्रमाणे ते नाव त्या मूळ नमुन्याच्या जातीकडेच राहिले पाहिजे आणि बाकीच्या चौघांना नवी नावे दिली पाहिजेत. पण जाइल्स यांच्या काळी गुणसूत्रे कोणी पाहत नव्हते आणि पंख-पाल्पवरून तर पाचही सारखेच. होशंगाबादचा तो डास 'ए' होता, 'बी' होता की 'सी', हे आधी ठरवावे लागेल.